तुमच्याकडे येतंय का पाणी?

१

त्या घरातल्या शॉवरला शॉवर म्हणणं हा निव्वळ मोठेपणा होता. चावी पूर्ण फिरवली तरी जाळीतून चार-सहा धारा यायच्या, आणि त्याही अबोला धरलेल्या जावांसारख्या, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे. इतकी वर्षं कुणाचं त्यावाचून अडलं नव्हतं. बादली होती, प्लास्टिकचा मग होता, नवरा-बायकोच्या आंघोळी होऊन जात होत्या. अडायला लागलं ते बायकोचा खांदा धरला तेव्हापासून.

बायकोचं खाली रस्त्यावर केस कापायचं पार्लर होतं. कात्रीचा हात उजवा, आणि धरला तोही नेमका उजवाच. आधी कंगवा कपाळापर्यंत जाईना, मग हात छातीच्या वर उचलेना. गिऱ्हाईक खुर्चीत आणि आपण स्टुलावर उभं, असंही तिनं करून बघितलं, पण काही केल्या जमेना. डॉक्टर म्हणाले, खांदा गोठलाय, धीर धरा. रोज खांद्यावर गरम पाण्याची जोरदार धार घ्या, आणि घेता घेता समोरच्या भिंतीवर बोटं चालवत हात वर न्या, मुंगी चढते तसा.

बाथरूमच्या पांढऱ्या फरश्यांमध्ये डोक्याच्या जरा वर निळ्या फुलांची एक ओळ होती. बायकोनं तेवढंच ठरवलं होतं, की निळ्या फुलाला बोट लागलं की पार्लरचं कुलूप काढायचं. बोटं हनुवटीपर्यंत चढायची आणि तिथेच थरथरत थांबायची. पाणी मात्र खांद्यावर पडायचं ते असं, की पडलं की नाही ते विचारावं लागावं.

"अहो, पान्हा चोरतोय हा शॉवर," ती आतून ओरडायची. "थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. तळं साचेपर्यंत माझी पेन्शन सुरू होईल."

नवरा दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायचा. गल्लीत त्याला सगळे कवळीवालेच म्हणत. बसत नसेल तर घासून बसवायचं, हे त्याचं कामही होतं आणि स्वभावही. एखादी गोष्ट आहे तशी असू द्यावी हे त्याच्या कुंडलीत नव्हतं. बायको हसायची, पण आंघोळीहून आली की डाव्या हातानं उजवा हात उचलून मांडीवर ठेवायची, आणि ते त्याला बघवायचं नाही.

मग एका सकाळी त्यानं शॉवरची जाळी उतरवली, व्हिनेगरमध्ये बुडवली, पांढरा क्षार खरवडला आणि सुईनं एकेक भोक मोकळं केलं. जाळी परत बसवली, चावी सोडली. धारा होत्या तेवढ्याच राहिल्या. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच, असं पुटपुटत त्यानं चावी बंद केली.

धारा थांबल्या, पण पाण्याचा आवाज थांबला नाही.

तो फार मोठा नव्हता. भिंतीच्या आतून किंवा पलीकडून येत होता. पाणी रिकाम्या फरशीवर पडलं तर एकसुरी वाजतं. माणसाच्या अंगावर पडलं, की माणूस हलतो, वळतो, तोंडावरून हात फिरवतो, म्हणून आवाज मधे मधे तुटतो. हा आवाज तुटत होता. कवळीवाला थोडा वेळ हातात पाना घेऊन उभा राहिला. मग आवाज हळूहळू विरला. पाइपात उरलेलं पाणी, दुसरं काय, असं म्हणून तो चहा प्यायला बसला.

२

प्लंबर आला तो बोलतच आला. त्याच्या तोंडाला कधी वॉशर बसवलेला नव्हता. गच्चीवर जाऊन त्यानं टाकी बघितली, खाली येऊन नळ वाजवून बघितले. मग गच्चीतून येणाऱ्या पाइपाखाली एक बादली भरली आणि तीच बादली शॉवरखाली भरायला लावली. वरची बघता बघता भरली होती. शॉवरखालची अर्धी व्हायच्या आत त्याची एका लग्नाची आख्खी गोष्ट सांगून झाली.

"टाकीतून निघतंय तेवढं तुमच्याकडे पोचत नाही," तो म्हणाला. "कुठेतरी पाणी मुरतंय, साहेब."

"मुरतंय तर ओल कुठे आहे?"

"तेच ना. ओल नाही. घरात दुसरा नळ चालू आहे का?"

"नाही."

"तोटी नाही, गळती नाही, आणि पाणी निम्मं. कुणीतरी वाटून घ्यावं तसं झालंय." प्लंबर स्वतःच्याच बोलण्यावर हसला. "पंप बसवा. पंप कुणाची भीड धरत नाही. असेल नसेल तेवढं ओढून तुमच्या डोक्यावर आणून ओततो."

तो गेल्यावर कवळीवाला खाली उतरून इमारतीच्या मागच्या बाजूला गेला. शॉवर होता ती भिंत इमारतीची शेवटची. तिच्या पलीकडे ना दुसरं घर, ना गॅलरी, ना पाइप. नुसती सपाट उंच भिंत आणि वर त्यांच्या बाथरूमचा छोटा झरोका. त्यांच्या खालचं घर कधीपासून बंद होतं. मालक परदेशात होता आणि दाराच्या कुलपाला गंज चढला होता.

एवढं बघून त्याचं समाधान व्हायला हवं होतं. उलट जेवताना त्याचं लक्ष लागेना. बायको म्हणाली, "शॉवरच दुरुस्त करायचाय, घाट का चढायचाय?" तो हसला आणि पंपाची ऑर्डर देऊन आला.

३

पंप बसला आणि शॉवरला वाचा फुटली. चावी सोडताच धारा अशा सुटल्या की बायको दोन पावलं मागे सरकली आणि मग खुशीत येऊन गायलाच लागली. तिच्या गाण्याला सूर नव्हता, पण तिचं गाणं त्या घरात बऱ्याच दिवसांत कुणी ऐकलं नव्हतं. कवळीवाला दाराबाहेर पंपाच्या घरघरीला कान देऊन उभा होता. त्याला बरं वाटलं. बायकोला काही देता आलं की पुरुषाला वाटतं तसं बरं.

ती बाहेर आली तेव्हा खांदा लालबुंद झाला होता.

"हात चढला," ती म्हणाली. "हनुवटीच्या वर दोन बोटं. खोटं वाटेल तुम्हाला."

"अगं, पी हळद आणि हो गोरी. आज तर पंप बसला."

"चढला म्हणते ना. आणि हो, खालच्या बाई बोलल्या माझ्याशी."

"कोण खालच्या बाई?"

"आता नाव कुठे विचारत बसू आंघोळ करताना? झरोक्यातून आवाज आला. ‘तुमच्याकडे येतंय का पाणी?’ म्हणाल्या. म्हटलं, येतंय की, चांगलं धो धो. तर म्हणाल्या, ‘आमच्याकडे गेलं हो आत्ताच.’ मला कसंसंच झालं, आपण पंप लावला आणि त्यांचं पाणी गेलं. मग म्हणाल्या, ‘बरं, येते हं.’ मी म्हटलं, या."

कवळीवाल्याच्या हातातला टॉवेल हातातच राहिला.

"खाली कुलूप आहे," तो म्हणाला.

"मग बाजूच्या जिन्यातल्या असतील. आवाज काय, पाइपातून कुठूनही फिरतो. गंमत म्हणजे घसा अगदी माझ्यासारखा. मला वाटलं, माझाच आवाज घुमतोय."

"पण तू ‘या’ कशाला म्हणालीस?"

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. "अहो, माणूस निघताना ‘येते’ म्हणालं की आपण काय म्हणतो? ‘जा’ म्हणतो? निरोप घेत होत्या त्या. ‘या’ म्हणाले. तुम्ही नसता म्हणालात?"

तोही म्हणाला असता. सगळी दुनिया म्हणते. निघणारा ‘येतो’ म्हणतो, राहणारा ‘ये’ म्हणतो, आणि ते येणं-जाणं कुणी शब्दशः धरत नाही. त्यानं टॉवेल दोरीवर टाकला. तिचं बरोबर होतं, आणि तरी दिवसभर कवळ्या घासताना त्याच्या डोक्यात तो एकच शब्द फिरत राहिला. बाई जायला निघाली म्हणून ‘येते’ म्हणाली, हे ठरवलं कुणी?

४

पुढच्या काही दिवसांत हात खरंच चढत गेला. आधी ओठांपर्यंत, मग नाकापर्यंत, मग कपाळापर्यंत. बायको उत्साहानं पार्लरमध्ये जाऊन आरसे पुसून यायला लागली.

अशाच एका दुपारी ती खाली असताना कवळीवाल्यानं बाथरूमचं दार लावून घेतलं आणि गरम पाणी सोडलं. वाफ धरली. वाफेचा एक गुण असतो, पुसलेल्या गोष्टीही ती दाखवते. फरशीवर बोटांच्या खुणा उमटल्या. बायकोच्या होत्या त्या, हनुवटीपासून वर कपाळापर्यंत मुंगीच्या चालीनं चढलेल्या, रोज थोड्या पुढे.

मग त्याची नजर वर गेली. निळ्या फुलांच्याही वर, जवळजवळ छतापासून, आणखी खुणा होत्या. त्याही बोटांच्याच. फक्त त्यांची टोकं खाली होती. त्या उतरत होत्या, थोड्या थोड्या, थांबत थांबत. सगळ्यांत खालची निळ्या फुलाच्या पाकळीवर टेकली होती.

प्लंबरचा हात, तो मनात म्हणाला. स्टुलावर चढून पाइप बघताना टेकला असेल. पण प्लंबरची बोटं जाड होती आणि या बोटांची टोकं निमुळती, कात्रीच्या कड्यात सहज जातील अशी. फडकं घेऊन त्यानं त्या खुणा खसाखसा पुसल्या. वाफ पुन्हा जमली आणि खुणा पुन्हा उमटल्या. पृष्ठभाग घासून घासून गुळगुळीत करण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं, खूण कुठल्या बाजूला आहे ते त्याला बोटानं कळायचं. या खुणा त्याच्या फडक्याच्या बाजूला नव्हत्या.

बायको आल्यावर तो म्हणाला, "पंप काढूया काही दिवस."

"का?"

त्याला कारण सांगता येईना. खालच्या बाईंचं पाणी जातं, असं काहीतरी तो बोलला.

"खाली तर कुलूप आहे ना? तुम्हीच म्हणालात." तिचा आवाज बारीक झाला. "अहो, हा हात मेलेल्या माशासारखा लटकत होता. मी रात्री उशीखाली तोंड घालून रडायचे, तुम्हाला कळू नये म्हणून. आता चार बोटं राहिलीत फुलाला. चार बोटं फक्त. पंपाला हात लावलात तर मी बोलणार नाही तुमच्याशी."

त्यानं हात लावला नाही. त्यात त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? बायकोच्या चालत्या हातापुढे भिंतीवरचे चार डाग घेऊन कोण बसेल?

५

ती सकाळ इतर सकाळींसारखीच उगवली. बायको आंघोळीला गेली, पंप घरघरला, कवळीवाल्यानं चहाचं आधण ठेवलं. त्यांच्या घरात बाथरूम एकच, त्यामुळे बाहेरच्यानं "झालं का?" विचारायचं आणि आतल्यानं "येते" म्हणायचं, हे इतक्या वर्षांचं ठरून गेलेलं.

आधणाला उकळी आली तेव्हा आतून आवाज आला, "झालं का?"

विचारलं होतं बायकोच्या आवाजानं. उत्तर दिलं तेही बायकोच्याच आवाजानं, हसत, लगबगीनं, जसं पाहुण्याला ताटकळत ठेवल्यावर आपण बोलतो. "हो, झालंच बघा. पोचलं, पोचलं फुलाला. या ना, या."

त्यानं धावत जाऊन पंपाचं बटण बंद केलं.

घरघर थांबली. आत धारांचा जोर ओसरला आणि त्या पूर्वीसारख्या ठिबकायला लागल्या. नंतर काहीच नाही. चहा उतू जाऊन शेगडीवर चर्र झालं. कवळीवाल्यानं दारावर थाप मारली.

"अगं, झालं का?"

जरा वेळ गेला. कुणीतरी शब्द शोधत असावं तेवढाच.

"आले."

कडी निघाली. ती बाहेर आली. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळत आली, दोन्ही हातांनी. दोन्ही कोपरं डोक्याच्या वर होती. उजवा हात मागे गेला आणि टॉवेलची गाठ मारून अलगद खाली आला.

आधी त्याला आनंदच झाला. डोळ्यांत पाणी आलं, आणि "अगं, हात!" असं तो म्हणालासुद्धा. याच क्षणासाठी त्यानं जाळी घासली होती, प्लंबरची बडबड ऐकली होती.

"हो ना," ती म्हणाली आणि हसली.

तिच्या मागे बाथरूमचं दार उघडं होतं. समोरच्या भिंतीवर निळ्या फुलाच्या फरशीवर एक ओला तळवा उमटला होता. पाचही बोटं ताणलेली. तो तळवा फरशीवरून खाली घसरला आणि पुन्हा फुलाकडे चढू लागला. हनुवटीच्या उंचीला येऊन थरथरला. बाथरूममध्ये कुणीही नव्हतं.

आणि पलीकडे पाण्याचा आवाज सुरू झाला. मधे मधे तुटणारा.

"अहो," भिंत म्हणाली, अगदी हळू. "पाणी गेलं का हो?"

कवळीवाल्यानं समोरच्या बाईकडे बघितलं. तिनंही ऐकलं होतं. तिनं हात लांब करून दार ओढून घेतलं.

"खालच्या बाई असतील," ती म्हणाली.

६

पार्लर उघडलं. गल्ली लोटली, सगळ्यांनी हात बघितला, डॉक्टरांनी तर दुसऱ्या रोग्यांना दाखवायला तिला बोलावून घेतलं. मुलगी दुसऱ्या गावी शिकत होती. ती फोनवर म्हणाली, "बाबा, आई एकदम ठणठणीत वाटतेय." कवळीवाला हो म्हणाला. दुसरं काय म्हणणार? घरातली बाई उत्तम होती. स्वयंपाक तोच, चाल तीच, उजव्या भुवईवरचा तीळही तिथेच. आपलंच डोकं फिरलंय, असं त्यानं स्वतःला परोपरीनं समजावलं, आणि दुपारपर्यंत ते पटायचंही. फक्त सकाळी कामाला निघताना ती दारातून म्हणायची, "जाते हं."

"जाते काय," एकदा शेजारीण जिन्यात तिला म्हणाली. "येते म्हणावं, बाई."

ती हसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा "जाते" म्हणाली.

पंप त्यानं काढून टाकला होता. शॉवर पुन्हा पान्हा चोरायला लागला, आणि तो जितका बारीक यायचा तितकं कवळीवाल्याला बरं वाटायचं. निम्मं पाणी पलीकडे जातंय, म्हणजे पलीकडे ती आहे. स्वतःची आंघोळ तो बादलीनंच उरकायचा, पण नंतर शॉवर आणि गीझर बराच वेळ चालू ठेवायचा, पलीकडे तिच्या खांद्याला गरम पाणी मिळावं म्हणून. भिंतीला पाठ लावून बसायचा. पाणी तुटत वाजायचं, मधेच बेसूर गाणं यायचं, मधेच फरशीवर बोटं चढल्याची टिकटिक. कधी हाक यायची, "अहो, झालं का?" तो म्हणायचा, "बघतोय गं, काहीतरी करतो." काय करायचं ते त्याला ठाऊक नव्हतं. घासून बसवायला इथे काही हातातच येत नव्हतं.

मग एका सकाळी हाक वेगळी आली.

"अहो, कंटाळा आला हो. येते हं."

तो ताडकन उठला. तोंड भिंतीला लावलं. ‘ये’ हा शब्द जिभेवर आला आणि तिथेच अडकला, कारण बाथरूमचं दार त्यानं नुसतं ओढलेलं होतं, आणि त्याच्या खांद्यावर मागून एक हात येऊन टेकला होता. उजवा, हलका, ओला.

"कुणाशी बोलताय?"

"कुणाशी नाही," तो म्हणाला.

पलीकडे कुणीतरी उत्तराची वाट बघत थोडा वेळ थांबलं. मग आवाज बंद झाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं शॉवरची चावी सोडली आणि पाणी धो धो आलं. पंप नव्हता, प्लंबर येऊन गेला नव्हता, टाकी होती तिथेच होती. सगळंच्या सगळं पाणी त्याच्या डोक्यावर येत होतं. चावी बंद केली. भिंत मुकी होती. तो कान लावून उभा राहिला, अंग गार पडेपर्यंत. ‘येते’ म्हणाली होती ती. निघताना म्हणतात तसं म्हणाली होती, की खरंच यायला निघाली होती आणि याच्या एका शब्दासाठी थांबली होती?

"ये," तो भिंतीला म्हणाला. मग मोठ्यानं, घसा फुटेस्तोवर, "अगं ये, ये ना. तू ये."

दाराची कडी बाहेरून वाजली.

"आले, आले," दारापलीकडून आवाज आला. "किती हाका मारताय?"